परक्या हाताचं फूल

रूपालीने ओठांत धरलेली टाचणी काढली आणि फोटोसाठी उभ्या मुलीच्या टोपीवर कापडी गुलाब टाचून दिला. हात लांब केला तर लागतील इतक्या जवळ, पोर्चच्या खांबावर चढलेल्या वेलाला खरे गुलाब लगडले होते, फिक्या गुलाबी रंगाचे, दव अजून न सुकलेले. सिंधुबाई चहाचं ताट घेऊन पायरीशी उभी होती. तिने कापडी फुलाकडे पाहिलं, वेलाकडे पाहिलं आणि मनातल्या मनात कपाळावर हात मारून घेतला.

"ताजं शोभंल की तिथं," ती म्हणाली.

एवढं म्हणायला हरकत नव्हती. 'तोडा' असं काही ती म्हणाली नव्हती. वर्षभरात ही तारेवरची कसरत तिला चांगली जमायला लागली होती.

"शोभेल हो मावशी, पण अर्ध्या तासात मान टाकेल," रूपाली म्हणाली. "आणि इतकी सुंदर फुलं तोडायला जीव तरी कुणाचा धजेल?"

झालं. आणखी एक पाहुणी सज्जन निघाली. सिंधुबाईने कप हातात दिले आणि ती बाजूला जाऊन बसली.

रूपाली पुण्याहून आली होती. साठ-सत्तर वर्षांपूर्वीच्या तऱ्हेचे कपडे ती शिवून घेऊन विकायची आणि त्यांचे फोटोही स्वतःच काढायची. कपडे घालून उभी राहणारी मुलगी, मनीषा, इगतपुरीची. सकाळच्या गाडीने कुडकुडत आली होती, आणि आता जाळीदार बाह्यांचा लांब झगा, हातमोजे आणि ती टोपी घालून पोर्चमध्ये नाक ओढत उभी होती. शिंक आली की रूपाली म्हणे, थांब, पावडर जाईल. पोरगी बिचारी शिंकसुद्धा गिळून टाकत होती.

घर मात्र फोटोत यावं असंच होतं. नाशिकला मखमलाबादच्या पुढे कालव्याच्या अंगाला माळ्यांच्या दहा-बारा घरांची वाडी आहे. सगळी घरं स्लॅबची, आणि मधेच हे एक उतरत्या कौलांचं, पांढऱ्या चौकटींच्या खिडक्यांचं, वर धुराडं असलेलं. धुराड्याखाली चूल नाही, शेगडी नाही, काही नाही. सिंधुबाईचा नवरा कारभारी लहानपणी बापाबरोबर देवळाली कॅम्पातल्या एका इंग्रजी बंगल्यावर बागेला पाणी घालायला जायचा. तो बंगला त्याच्या डोक्यात बसला तो बसलाच. जन्मभर फुलं विकून त्याने सात वर्षांत हे घर उभं केलं. गवंड्याने विचारलं, धुराडं कशाला? तर म्हणाला, तिथं होतं. वाडीने पोटभर हसून घेतलं. वास्तुशांत झाली, आणि सव्वा महिन्याने माघातल्या एका सकाळी कारभारी निशिगंधाच्या वाफ्यात जरा टेकतो म्हणून बसला तो परत उठलाच नाही.

इथवर कुणाच्याही घरी घडावं तसंच घडलं. पुढचं मात्र वाडीच्या रीतीचं आहे, ते सांगितल्याशिवाय सिंधुबाईचं दुखणं कळायचं नाही.

वाडीत माणूस गेलं की तेरा दिवस त्या घरच्या मळ्यातलं फूल तोडत नाहीत. सुतकातलं फूल देवाला चालत नाही, लग्नाला चालत नाही, मग तोडून करायचं काय? एरवी माळ्याच्या मळ्यात उमललेलं फूल दिसतच नाही. कळी पहाटेच टोपलीत पडते आणि उजाडायच्या आत फुलबाजाराची वाट धरते. बाहेरच्याला वाटतं, फुलांचा मळा म्हणजे काय रंग असतील! असतो तो नुसता हिरवा. मळा लांबून रंगीत दिसला, की रस्त्याने जाणारा गाडी हळू करून विचारतो, कोण गेलं?

तेरावं झालं की चौदाव्या दिवशी पहाटे कुणीतरी परकं, बहुधा वाडीतलंच पण भाऊबंदांपैकी नसलेलं, आपणहून येतं, एक फूल तोडतं आणि घरच्या बाईच्या ओंजळीत घालतं. बस, एवढंच. त्यानंतर घरच्यांनी कळीला हात लावायचा. दुःखाच्या घराने ते फूल मागायचं मात्र नसतं, आणि त्या घरची मजुरी घेणाऱ्याचा हातही चालत नाही. लोकांनाच वाटलं पाहिजे की आता पुरे झालं, आता या घराला परत माणसांत घेऊ.

सिंधुबाईकडे चौदाव्या दिवशी कुणी आलं नाही.

ती चारलाच उठून, डोक्यावरून गार पाणी घेऊन मळ्याकडच्या, फाटक न दिसणाऱ्या मागच्या पायरीवर बसली होती. दिवस वर आला. शेजारच्या मळ्यातला सावळीराम येईल अशी तिची खात्री होती. कारभारीचा तो जिवाचा दोस्त. चाळीस वर्षं दोघांच्या टोपल्या एकाच गाडीतून बाजारात गेल्या. तोही आला नाही. नऊ वाजता आली ती एक पांढरी मोटार, आणि तिच्यातून उतरलं एक नवं जोडपं आणि त्यांचा फोटोग्राफर.

त्याचं असं झालं होतं. त्या तेरा दिवसांत घर गुलाबांत बुडून गेलं होतं. सून हर्षाली मनमाडची, रेल्वेवाल्याची लेक; तिला माळ्यांच्या रीती कुठून ठाऊक असणार? तिने सासऱ्याची आठवण म्हणून घराचा फोटो मोबाइलवर टाकला, खाली लिहिलं, बाबांचं स्वप्न. तो फोटो कुठून कुठे फिरला. बाराव्या दिवशी, फोटो काढायला घर भाड्याने द्याल का, असा फोन आला, आणि अंबडच्या कंपनीत उभं राहून राहून पाय भरून आलेल्या शेखरला, सिंधुबाईच्या मुलाला, एकदम वाट दिसली. तेराव्याच्या संध्याकाळी त्याने फाटकावर बोर्ड लावला: फुले तोडू नयेत. शेखर काही वाईट मुलगा नव्हता. बाबांनी बांधलेलं घर बघायला लांबून माणसं येतात, यात त्याला बापाचा मोठा मान वाटायचा, आणि खोटं कशाला बोला, तो होताही. राहिली रीत, तर फुलं विकायचीच नाहीत म्हटल्यावर पहिलं फूल हवंच कशाला, असा त्याने सरळ हिशेब केला असावा. आईला त्याने विचारलं नाही आणि आई बोलली नाही.

तेव्हापासून वर्ष झालं, मळा फुललेलाच होता. सुकलेली बोंडं शेखर कात्रीने काढी. वाळलेलं ते फूल धरत नाहीत. सिंधुबाई मागच्या जुन्या पत्र्याच्या खोलीत निजे, सवयीने चारला उठे, आणि उजाडलं की समोर तो रंग. रोज सकाळी कोणीतरी आत्ताच गेल्याची बातमी यावी तसं तिला होई. देवाला वाहायला ती पंचवटीतून फुलांची पुडी विकत आणवी. तिच्या हाताखालून उभ्या जन्मात किती गाडे फुलं गेली असतील, आणि ती पुडी सोडताना तिला चोरी केल्यासारखं वाटे.

पाहुण्यांवर तिने फार आशा ठेवली होती. नवरानवरी येत, बाळांचे वाढदिवस येत, बड्या घरच्या बायका जुन्या साड्या नेसून येत. एवढ्या माणसांतून एकाला तरी मोह व्हावा? पण नाही. बोर्ड वाचून सगळे कसे शहाण्यासारखे हात मागे बांधून फिरत. नाशिकची माणसं एवढी शिस्तीची कधीपासून झाली, देव जाणे. एकदा एक दीड वर्षाची चिमुरडी झेंडूपर्यंत पोचली होती. मुठीत फूल आलंसुद्धा होतं. तेवढ्यात तिच्या आईने चापट मारून मूठ सोडवली. त्या बाईवर सिंधुबाई दोन दिवस मनातून चिडलेली होती.

आणि सावळीरामवर वर्षभर. बांधाला बांध लागून, पण ती त्याच्याकडे बघत नव्हती. तोही मान खाली घालून आपली शेवंती तोडत बसे.

आजही तो पलीकडे वाकलेला दिसत होता. इकडे रूपालीला पोर्चमधले फोटो पसंत पडले होते. आता तिला मुलगी वरच्या खिडकीत हवी होती. कोपर चौकटीवर टेकून खाली कुणाची तरी वाट बघतेय असं. शेखर धावत जाऊन खिडकी उघडून आला. मनीषा वर दिसली, वाकली, रूपालीने खालून सांगितलं, अजून थोडी, मान डावीकडे, हात बाहेर येऊ दे. पोरीने हात बाहेर काढला. पुरे झालं म्हटल्यावर तिने तो आत ओढला, आणि बाहीची जाळी वेलाच्या काट्यात अडकली. तिने हिसका दिला. खालून सिंधुबाईला तो आवाज ऐकू आला. देठ तुटल्याचा आवाज तिला झोपेतसुद्धा ओळखता आला असता.

रूपाली जाळी फाटली का बघायला लागली, शेखर "काही नाही, काही नाही, होतं असं" म्हणायला लागला. मनीषा जिना उतरून खाली आली तेव्हा तिच्या बाहीला वीतभर देठासकट गुलाब लोंबत होता. तिने तो हातमोज्यातल्या बोटांनी हळूहळू सोडवला. कुणाला द्यावा ते तिला कळेना. बोर्ड तिनेही वाचला होता. शेवटी घरातलं मोठं माणूस म्हणून ती सिंधुबाईपुढे आली आणि दोन्ही हातांनी फूल पुढे केलं.

"चुकून तुटलं हो आजी," ती दबक्या आवाजात म्हणाली. "माझे पैसे नका कापायला सांगू त्यांना."

सिंधुबाईने पदराला हात पुसले. तिने ओंजळ केली. मुलगी फूल ठेवून पळाली, आणि सिंधुबाई ती ओंजळ तशीच धरून उभी राहिली. हे खरंच पहिलं फूल धरायचं का? परका हात होता. मागितलं नव्हतं. पण ठरवून तोडलं नव्हतं, आपोआप तुटलं होतं. वाडीत असं कधी झालं असेल तर तिच्या ऐकण्यात नव्हतं. विचारावं तर कुणाला? ज्याला विचारायचं तो गेलेला, आणि दुसरा बांधापलीकडे. ती ओंजळ सांभाळत सरळ बांधाकडे चालू लागली.

"भावजी," तिने हाक मारली. वर्षातली पहिलीच.

सावळीराम कमरेवर हात देऊन सरळ झाला. तिने ओंजळ पुढे केली आणि काय झालं ते सगळं सांगितलं, एकही गोष्ट न वगळता, कोर्टात सांगावं तसं. मग विचारलं, "हे धरायचं का?"

त्याने फुलाकडे पाहिलं, मग लांब पोर्चमध्ये शिंकणाऱ्या त्या टोपीवाल्या मुलीकडे पाहिलं. पोरगी कुठली, कुणी सांगून तोडलं का, असं दोन-तीनदा फिरवून फिरवून विचारलं. मग टोपी काढून डोकं खाजवलं.

"धरायचं," तो म्हणाला. "झाडाला काय कळतंय चुकून का मुद्दाम. परक्या हातानं आलं, तुमच्या वंजळीत पडलं. धरायचं."

सिंधुबाईने मान हलवली. तिला परत फिरायचं होतं, पण वर्षभर साठलेलं होतं ते बाहेर आलंच.

"पण तुम्ही यायला पायजे व्हतं, भावजी."

"आलो व्हतो, वहिनी."

ती बघतच राहिली. सावळीराम शेवंतीच्या वाफ्याकडे बघत बोलत होता. चौदाव्या दिवशी पाचच्या आत तो फाटकापाशी आला होता. अंधारात काहीतरी पांढरं दिसलं म्हणून बॅटरी मारली, तर बोर्ड. त्याने तो दोनदा वाचला. त्याला वाटलं, कारभारीच्या मागं ह्यांनी फुलावरनं हात काढला. पोराने नवा धंदा धरला, त्याच्या पहिल्याच दिवशी आपण जाऊन फूल तोडायचं, म्हणजे पोराच्या ताटात माती कालवायची. तो माघारी फिरला.

"मग तुम्ही बोलायच्याच बंद झाल्या," तो म्हणाला. "मला वाटलं, मी आलेलो तुमी बघितलं, आन ते तुमाला आवडलं नाय."

सिंधुबाईच्या मागे शेखर उभा होता. आई फुलावरून रागावून निघाली असं वाटून तो समजूत घालायला मागोमाग आला होता. त्याने किती ऐकलं ते त्याच्या चेहऱ्यावरून दिसत होतं. त्याचे कान लाल झाले होते, लहानपणी चुकलं की व्हायचे तसे.

"आई, तू एका शब्दाने बोलली का नाहीस?"

"मागायचं नसतं रे," सिंधुबाई म्हणाली.

रूपाली हाका मारत होती, ऊन वर चढायच्या आत अजून दोन झगे उरकायचे होते. शेखर गेला, आणि अर्धा-पाऊण तास सगळं आधीसारखं चाललं. मनीषाने हिरवा झगा घातला, मग पांढरा. सिंधुबाईने ते फूल आत नेऊन देवापुढे ठेवलं आणि परत येऊन मुलीला आल्याचा काढा करून दिला. पैसे कापू नका, पोर गुणाची आहे, असं तिने रूपालीला बजावून सांगितलं तेव्हा रूपाली हसली. तिच्या ते मनातही नव्हतं.

साडेअकराला पाहुण्यांची गाडी गेली. जेवणं झाली. दुपारभर शेखर दिसला नाही. मागच्या खोलीत पडल्या पडल्या सिंधुबाईला फाटकाकडून हातोडीचे आवाज ऐकू आले, लाकडातून खिळा उपटताना होतात तसे. मग कुणाशी तरी फोनवर तो बोलत होता. शनिवारी या, पण फुलं अशी मिळणार नाहीत, घर आहे, कळ्या आहेत, बघा कसं जमतंय. समोरच्याचं म्हणणं ऐकून घेऊन तो म्हणाला की हो, माझाही नाइलाज आहे, आमचा मूळचा धंदा फुलांचा आहे. सिंधुबाईने कूस बदलली. पोराचं नुकसान व्हावं अशी तिची इच्छा कधीच नव्हती, पण ते शेवटचं वाक्य ऐकून तिला फार बरं वाटलं.

पाचला तो तिला उठवायला आला. माळ्यावरच्या दोन्ही टोपल्या त्याने उतरवून, धुऊन, ओलं फडकं अंथरून आणल्या होत्या. हर्षाली डोक्याला रुमाल बांधून, चपला काढून तयार उभी. तिच्या चेहऱ्यावरून तिलाही सगळं कळलेलं दिसत होतं. ती सासूकडे धड बघत नव्हती. संध्याकाळचे गुलाब तोडून ठेवले की पहाटेच्या बाजाराला होतात, एवढं तिला शेखरने शिकवून ठेवलं होतं. फाटकावर बोर्डाच्या जागी चार भोकं होती.

सिंधुबाई पुढे झाली. घराच्या कोपऱ्यावरचं पहिलं झाड कारभारीच्या हातचं. तिने हात घातला, आणि बोटं आपली आपण देठावरून खाली सरकून नेमक्या पेरावर जाऊन थांबली. वर्षात ती काही विसरली नव्हती. नुसतं नख लावायचं बाकी होतं.

समोर सगळा मळा रंगाने भरलेला होता. कलतं ऊन होतं, वेल कौलांपर्यंत गेला होता, आणि या रंगाला तिने रोज सकाळी शिव्या घातल्या होत्या. मळ्याच्या लेखी कारभारीला जाऊन अजून तेराच दिवस झाले होते. माणूस नुकतंच गेलेलं असलं की चुकून त्याचं ताट घेतलं जातं, त्याला हाक मारायला तोंड उघडतं, आणि कुणी त्यावरून काही बोलत नाही. तिने ते वर्षभर केलं होतं. ही एक कळी टोपलीत पडली, की तो मागच्या वर्षी गेलेला माणूस होणार होता, वाडीतल्या बाकीच्या गेलेल्या माणसांसारखा. हे तिच्या आत्ता, पेरावर बोट ठेवल्यावर ध्यानात आलं.

"आई, मी कुठून सुरू करू?" शेखरने विचारलं. त्याने कडेची टोपली उचलली होती.

सिंधुबाईने हात झाडातून हळूच बाहेर काढला, कळी हलू न देता.

"आजच्या दिवस राहू दे," ती म्हणाली. "उद्या पहाटं तोडू."